आंबवड्याच्या बाईंची भिंत

दाजी,

परवा तुमचं तेरावं झालं. मांडव उतरला, मोठी पातेली ज्याची त्याच्या घरी गेली, वेल्ह्याकडचे भावकीतले लोक सकाळच्या एसटीनं परतले. आता घरात अक्का आहे, परड्यात तुमच्या दोन शेळ्या आहेत, आणि ओसरीवर तुमची हत्यारांची पेटी उघडून मी बसलो आहे. पेटी अक्कानं माझ्यापुढं सरकवली आणि म्हणाली, "तुजीच हाय आता." मी अजून तिच्यातलं एक हत्यारसुद्धा उचललेलं नाही.

दहाव्याला नदीवर लोक तुमच्याबद्दल बरंच बोलले. तुम्हाला आवडलं नसतं, तुम्ही टोपी नाकापर्यंत ओढून बसला असता. एक जण म्हणाला, "धोंडीबा मिस्तरीनं बसवल्याल्या पाइपातनं पानी जातंय का न्हाई, हे बी घरात कळायचं न्हाई." ते खरंच होतं. मग मलाही बोलायला उभं केलं. सख्खा मेव्हणा, बावीस वर्षं बरोबर काम केलेला, बोलणार नाही तर काय. मी म्हणालो, दाजींनी काम आपल्या मर्जीनं सोडलं, समाधानानं सोडलं. लोकांनी माना डोलावल्या. अक्का तेवढी माझ्याकडं बघत राहिली. मला वाटलं, दुःखात आहे, म्हणून बघतेय.

त्यावर येतो मी, दाजी. टाळत नाही. पण आधी थोडं मागचं बोलू द्या. तेवढ्या वेळापुरते तरी तुम्ही समोर बसल्यासारखं वाटतं.

भोरच्या आयटीआयचा कागद खिशात घालून मी तुमच्याकडं आलो, तेव्हा मला फार येतं असं मला वाटत होतं. पहिल्याच आठवड्यात एका घराच्या मागच्या भिंतीवर मी पाइप चढवला. लेव्हल लावून, ओळंबा सोडून, हातभरावर एक क्लॅम्प, नाकासमोर सरळ. तुम्ही लांब उभं राहून बघितलंत. म्हणालात, "पावणं, लई देखना झालाय. आता ह्येला जरा ढिला करा." मला वाटलं चेष्टा करताय. तुम्ही खरंच पाना घेऊन पुढं आलात आणि एक सोडून एक क्लॅम्प काढून टाकलात. तिथून आपलं भांडण सुरू झालं ते कधी मिटलंच नाही. मला पाइप घट्ट आणि सरळ हवा, तुम्हाला तो श्वास घेणारा हवा. गिऱ्हाईक माझ्या कामाचे फोटो काढायचे. तुमच्या कामाबद्दल दोन वर्षांनी फोन करून सांगायचे, की अजून एक थेंब गळत नाही आणि कसला आवाज नाही.

मग आपल्याकडं हीट पंप आले. तोरण्याच्या पायथ्याला पुण्याच्या लोकांनी बंगले बांधले, त्यांना पाणी तापवायला गॅस नको होता, बंबाचा धूर नको होता. मी तुम्हाला सांगितलं, हा एसीचा उलटा भाऊ आहे, बाहेरच्या हवेतली ऊब ओढून पाण्यात घालतो. तुम्ही ते यंत्र चालू करायला लावलंत, त्याच्या पत्र्यावर तळहात ठेवलात आणि डोळे मिटलेत. "यंत्र बारकं हाय, पन लई बडबड्या. त्येला घरासंगं बोलू द्यायचं न्हाई." बस्स, तेवढंच तुमचं शास्त्र. कंपनीनं पाठवलेलं जाड पुस्तक मी आठवडाभर वाचलं तेव्हा कळलं, त्यातही तेच लिहिलं होतं, फक्त चाळीस पानं लावून.

यंत्राखाली रबराची गादी सगळेच घालतात. तुम्ही म्हणायचात, गादी घालून यंत्राचे पाय बांधले, पण त्याचा हात तर भिंतीला लागलेलाच आहे ना, तो पाइपाचा हात. म्हणून यंत्र आणि पाइप यांच्यामध्ये जी लवचिक नळी असते तिला तुम्ही पोट ठेवायचात, ताणून सरळ करू द्यायचा नाहीत. क्लॅम्पच्या आत रबराची पट्टी. आणि पाइप भिंतीतून आत जातो तिथलं भोक पाइपापेक्षा दोन बोटं मोठं. त्या दोन बोटांत तुम्ही काय घालायचात, तर जुन्या घोंगडीचे तुकडे. कडुलिंबाच्या तेलात भिजवून, वाळवून, म्हणजे कसर लागणार नाही. तुमच्या बापाची मेंढरं, तुमच्या चुलत्यानं विणलेली घोंगडी, आणि तिचे तुकडे हीट पंपाच्या पाइपाभोवती. बंगलेवाले हसायचे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मी म्हणायचो, दाजी, आता याच्यासाठी रबरी बाही मिळते पुण्याला. तुम्ही म्हणायचात, "मागव की. ती येईस्तवर ही घाल."

तुम्ही माझ्या आणखी एका गोष्टीच्या मागं लागला होतात, ती म्हणजे माझ्या मिशा. गेली पाच-सहा वर्षं भेटेल तिथं तेच. "पावणं, त्या झुडपातनं बोलताय का मिशांतनं? कापा की जरा." मी तोंडात स्क्रू धरून बोललो की चिडायचात. अंधाऱ्या बाथरूममधून काही विचारलं की म्हणायचात, "उजेडात येऊन इचार." मला वाटायचं, म्हातारपणानं खोडी लागलीय. शेवटी धाकट्या भाचीच्या लग्नात तुम्ही न्हाव्यालाच माझ्यापुढं आणून बसवलंत आणि सगळा मांडव हसला. मिशा बारीक झाल्या. तुम्ही माझ्या तोंडाकडं बघून खूश झालात. मी म्हटलं, चला, एवढ्यानं माणूस खूश होत असेल तर काय जातंय आपलं.

आता आंबवड्याचं.

तुम्हाला सगळं माहीत आहे, पण मला ते माझ्या तोंडानं एकदा सांगायचं आहे. दिवाळीनंतर आंबवड्याच्या विलासरावांचं काम आलं. त्यांच्या आई म्हणजे गावच्या शाळेत आयुष्यभर शिकवलेल्या बाई. खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळलेल्या. त्यांना रोज गरम पाण्यानं पुसून काढावं लागतं म्हणून मुलानं हीट पंप घेतला. तुम्ही त्या आठवड्यात वेल्ह्याला भावकीच्या लग्नात होता. मी एकट्यानं काम केलं. मागच्या भिंतीला यंत्र, भिंतीवरून पाइप, भिंतीतून आत. आणि त्याच भिंतीला आतून बाईंच्या खाटेचं उसं, म्हणजे डोक्याची बाजू.

रबरी बाही पुण्याहून आली नव्हती. घोंगडीचे तुकडे माझ्या पेटीत होते. मी पेटी उघडली आणि बंद केली. विलासराव शेजारी उभे होते, त्यांच्या अंगावर इस्त्रीचा शर्ट होता, आणि मला ते तुकडे बाहेर काढायची लाज वाटली. वर ते म्हणाले, "भोक नीट बुजवा बरं का, पावसात इंचू-साप शिरत्यात आमच्याकडं." आपल्या भागात हे कोण नाही म्हणेल? मी गवंड्याला सांगितलं, सिमेंट भर. त्यानं पाइपाभोवती सिमेंट ठासून असं चकचकीत घोटलं की पाइप भिंतीतूनच उगवल्यासारखा दिसायला लागला. लवचिक नळी लोंबती दिसत होती म्हणून तीही मी ताणून सरळ केली. फोटो काढण्यासारखं काम झालं.

आठ दिवसांत विलासरावांचा फोन. "आई म्हणते, भिंत गुणगुणते." आपण दोघं गेलो. स्वयंपाकघरात मिक्सर चालू, बाहेर ट्रॅक्टर चालू. मी खोलीत उभा राहिलो, कान दिला, म्हणालो, काही नाही. बाई उशीवरून माझ्याकडं बघत होत्या. म्हणाल्या, "उभं राहून नाही कळायचं. मी इथं झोपलेली असते. डोकं टेकलं की भुणभुण थेट कवटीत येते." विलासराव हसून म्हणाले, "आईचं हल्ली असंच असतं."

तुम्ही टोपी काढलीत. खाटेवरून वाकून कपाळ भिंतीला टेकवलंत आणि तसेच उभे राहिलात. बराच वेळ. मग बाईंना म्हणालात, "बाई, तुमचं बराबर हाय. भिंत हालतिया." बाईंचा चेहरा मी तेव्हा नीट पाहिला नाही, कारण मी तुमच्यावर चिडलो होतो. तुम्ही विलासरावांना म्हणालात, "एक वाटी पानी द्या, खिडकीत ठिवून दावतो." मी म्हणालो, "कशाला आता वाटी-बिटी, दाजी. चला, बाहेरून बघू."

तुम्ही बाहेर पडलात तेव्हा मी मागं थांबलो आणि भिंतीला तळहात लावला. दाजी, हाताला मुंग्या आल्या. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नव्हती. मला ते लागलं होतं. कशामुळं तेही मला कळलं होतं, सिमेंटमुळं.

आणि तरीही मी विलासरावांना पडवीत घेतलं. तुम्ही लांब, परसाच्या टोकाला हौदावर हात धूत होता. मी हळू आवाजात म्हणालो, "दाजींना आता ऐकू येत नाही. त्यांचं मनावर घेऊ नका. आईंचंही वय झालंय." माझी चूक झाकायला मी एका दमात दोन म्हाताऱ्या माणसांना खोटं पाडलं.

दुसऱ्या दिवशी निरोप आला, गुडघा दुखतोय, चार दिवस येत नाही. चार दिवसांचे महिने झाले. खरं सांगू? मला बरं वाटलं. घोंगडीची कटकट गेली. संक्रांतीला तिळगूळ घेऊन आलो तेव्हा तुम्ही परड्यात शेळीला पाला घालत होता. तुम्ही विचारलंत, "आंबवड्याचं काय झालं?" मी म्हणालो, "काही नाही, बाई गप्प झाल्या." मधे विलासरावांचा आणखी एक फोन येऊन गेला होता आणि मी बघतो म्हणून तो टाळला होता, हे मी बोललो नाही. तुम्ही माझ्या तोंडाकडं बघत राहिलात. मला वाटलं तुम्हाला ऐकू गेलं नाही, म्हणून तेच खोटं मी पुन्हा एकदा मोठ्यानं ओरडून सांगितलं. तुम्ही म्हणालात, "बरं."

तुम्ही माझ्याशी बोललेला तो शेवटचा शब्द. पुढं महिनाभरात तुम्ही चहाचा कप हातात असताना गेलात.

परवा पाहुणे जायच्या आधी अक्कानं मला परड्यात बोलावलं. दहाव्याला मी काय बोललो ते तिच्या मनात अडकून राहिलं होतं. तुम्हाला माहीत आहे, ती आवाज चढवत नाही. म्हणाली, "मर्जीनं सोडलं म्हनलास नव्हं नदीवर? तुला काय वाटलं, आंबवड्याला तू काय बोललास ते त्यांना कळलं न्हाई? अरं, सहा वर्सं झाली त्यांचं कान जाऊन. हिरीवरच्या सुरुंगानं आदीच निम्मं गेलं हुतं, ऱ्हायल्यालं त्या ड्रिल मशिनीनं गेलं. त्वांडाकडं बगून समजायचं त्यांना. उगंच का तुज्या मिशांच्या मागं लागलं हुतं?"

मी शेळीच्या दाव्याला धरून उभा राहिलो. हौद ते पडवी, तेवढं अंतर. दुपारचं लख्ख ऊन. आणि बारीक मिशांखाली उघडे दिसणारे माझे ओठ.

"काय म्हणाले होते?" मी विचारलं.

"आल्यावर पायरीवर बसलं. मग म्हनलं, त्यो खोटं न्हाई बोलला, मला ऐकू येत न्हाईच. पन बाईची भिंत हालतिया, आन ती म्हातारी येकटी पडली. म्या म्हनलं, जाऊन सांगा की पुन्यांदा. तर म्हनलं, नगं. पावण्यानं सवता जायाला पायजे. म्या गेलो तर त्येचं गिऱ्हाईक जाईल."

दाजी, मला तुमचा राग आला. अजून आहे. चार माणसांत माझी गचांडी का नाही धरलीत? हातातला पाना का नाही फेकलात माझ्याकडं? सहा वर्षं माझ्याशेजारी काम करत होता, एकदा तरी सांगायचं, पावणं, कान गेले माझे. मी काय हसलो असतो? आणि मग वाटतं, हो, हसलो असतो कदाचित. निदान गिऱ्हाइकापुढं त्याचा उपयोग केला असता. केलाच की. तुम्ही मला ओळखून होता आणि तरी मी स्वतः जाईन म्हणून वाट बघत बसलात. एवढा विश्वास माझ्यावर दुसऱ्या कुणी टाकला नाही, आणि मी तुमच्या हयातीत गेलो नाही.

काल गेलो. सकाळी पहिल्या एसटीनं, माझीच छिन्नी, हातोडी, रबरी पट्ट्या आणि अक्कानं फडक्यात बांधून दिलेले घोंगडीचे तुकडे घेऊन.

बाईंची खाट आता माजघरात आहे, येण्या-जाण्याच्या वाटेत, चुलीचा धूर जिथं येतो तिथं. विलासराव म्हणाले, "आता काही तक्रार नाही तिची." बाई छताकडं बघत म्हणाल्या, "सांगून काय उपयोग? तुम्ही सगळे म्हणालात नाही, म्हणून मी बोलायचं सोडलं."

मी आधी वाटी मागितली. पाण्यानं भरून मागच्या खोलीत, त्या भिंतीतल्या खिडकीत ठेवली आणि यंत्र चालू केलं. विलासरावांना जवळ बोलावलं. पाण्यावर बारीक बारीक शिरशिरी उठत होती, थांबत नव्हती. ते बघतच राहिले. मग मी त्यांना माजघरात बाईंच्या खाटेशी नेलं आणि दोघांसमोर बोललो. शब्द पाठ करून गेलो होतो, ते आठवले नाहीत. म्हणालो, "भिंत हलते. पहिल्यापासून हलते. त्या दिवशी मलाही हाताला लागलं होतं. चूक माझी आहे. दाजींना दोष देऊन मी ती झाकली."

विलासराव तोडून बोलले. बोलायलाच हवं होतं. "चार महिने मी माझ्या आईला वेड्यात काढत होतो," म्हणाले, "तुमच्या शब्दावर." मी मान खाली घालून ऐकलं. मग छिन्नी घेतली.

ते चकचकीत सिमेंट फोडायला निम्मा दिवस गेला. पाइप भिंतीवरून काढला आणि जमिनीत रोवलेल्या लोखंडी घोडीवर घेतला. नळीला पोट ठेवलं. भोक दोन बोटं मोठं केलं आणि त्यात घोंगडी भरली, तुम्ही भरायचात तशी, ठासून नाही, नुसती बसवून. इंचू-सापासाठी बाहेरून, खिडकीच्या काचेला लावतात त्या मऊ लांबीचा पातळ थर दिला. काम दिसायला ओबडधोबड झालं आहे. कुणी फोटो काढणार नाही त्याचा. यंत्र चालू केलं आणि वाटीकडं बघितलं, तर पाण्यात खिडकीचे गज सरळ दिसत होते.

बाईंनी विचारलं, "ते दुसरे मिस्त्री नाही आले? कपाळ टेकवून ऐकलं होतं ते?"

मी सांगितलं, गेले. दोन आठवडे झाले.

त्यांनी मान वळवून मागच्या खोलीकडं पाहिलं. मग म्हणाल्या, "या घरात त्या दिवशी तेवढा एक माणूस मला म्हणाला, तुमचं बरोबर आहे." आणि मग मुलाकडं वळून, वर्गात सांगावं तशा स्वरात म्हणाल्या, "विलास, माझी खाट जागेवर ने."

मी आणि विलासरावांनी खाट उचलून मागच्या खोलीत नेली. उसं भिंतीला लावलं. बाईंनी डोकं टेकलं, डोळे मिटले, हात मागं करून तळवा भिंतीवर ठेवला. यंत्र बाहेर चालू होतं. आम्ही दोघं दारात उभे होतो. पाच मिनिटं गेली असतील, दहा गेली असतील. त्यांचा हात हळूच भिंतीवरून घसरून उशीवर आला, तेव्हा कळलं, की त्या झोपल्यात.

संध्याकाळी घरी येऊन अक्काला सगळं सांगितलं. दाजी, माझं चुकलं, हे मी बाईंना सांगितलं, त्यांच्या मुलाला सांगितलं, अक्काला सांगितलं. तिघांनीही कान देऊन ऐकलं. मला ते तुमच्याकडं तोंड करून, उजेडात उभं राहून सांगायचं होतं.